चौथ्या वर्षाचा पेरू

पेरू दातांखाली जाणार तोच जेकबकाकांनी माझं मनगट धरलं. सत्तरी कधीच ओलांडलेला माणूस, पण पकड पैलवानाची.

"नको खाऊ तो. झाडाला अजून तीन वर्सं पुरी नाय झाली."

ठिबक सिंचन बघायला इस्राएलला आलेल्या बागायतदारांच्या टोळीतून मी एक दिवस सुटका करून घेतली होती. जेकबकाका म्हणजे वडिलांचे रेवदंड्याचे शेजारी. इकडे आल्यावर उमर वाळवंटातल्या डिमोना गावी कापड गिरणीत काढली आणि म्हातारपणी गलीलच्या डोंगरात, लेकीच्या शेतावर आले. जैतुनाची झाडं, आठ-दहा शेळ्या आणि अंगणात काकांनी स्वतः बी रुजवून वाढवलेला हा पेरू. बी इथल्याच बाजारातल्या फळाचं, पण काकांच्या लेखी झाड रेवदंड्याचं. थंडीत त्याला गोणपाट गुंडाळतात आणि स्वतः मात्र बिनस्वेटरचे हिंडतात, अशी व्हायोलेटकाकूंची तक्रार होती.

त्यांच्या ज्यू धर्मात नव्या झाडाची पहिल्या तीन वर्षांची फळं कुणी खायची नाहीत, कुणाला द्यायचीही नाहीत. चौथ्या वर्षी देवाचे आभार मानून मग तोंड लावायचं. नियम मला पटला, पण वास काही पटू देईना.

काकूंचं दुखणं वेगळं होतं. काकांचं हृदय थकलेलं, डॉक्टर पुढच्या वर्षाचा भरवसा देत नव्हते. म्हणून सकाळपासून त्यांनी एकच धोशा लावला होता, एक फोड खा, कोण बघतंय. नात होदाया हिब्रूत काहीतरी म्हणाली, तेही आजीच्याच बाजूचं असावं. शेवटी काकू काकांच्या समोर येऊन उभ्या राहिल्या.

"पुढल्या साली तुम्ही नसलात तर?"

"तर तू खा," काका म्हणाले. "माझ्या नावाचा एक जास्ती खा."

काकू तरातरा आत गेल्या. मला हसावं की रडावं कळेना. काका मात्र मजेत होते. त्यांनी पिकली फळं उतरवून बादलीत भरली, मी कुंपणाशी खड्डा खणला. एकेक पेरू मातीआड करताना ते माझ्या वडिलांच्या खोड्या सांगून हसत होते. वाट बघण्याचीच त्यांना गोडी लागली होती. मला त्यांचा हेवा वाटला.

निघताना मी स्वयंपाकघरात डोकावलो. मी गावाहून आणलेले पोहे काकूंनी दुपारच्या खाण्याला काढले होते, ते त्या परत डब्यात भरत होत्या. मलिदा ही त्यांची रीत. गोड पोह्यांत ओलं खोबरं कालवायचं, वर फळं मांडायची आणि देवाचे आभार मानायचे. पुढल्या वर्षी पेरू खायची वेळ आली की तो करायचा, असं त्यांनी आता ठरवलं होतं.

"वर्सभर टिकतील ना रे हे?"

पोह्यांना किती लवकर कीड लागते हे कोकणातल्या बाईला मी काय सांगणार?

"टिकतील की," मी म्हणालो.

काकूंनी झाकण दाबून बसवलं आणि डबा वरच्या फळीवर ठेवला.