नेटवाल्या महाराजांचा अंगठा

बोरजाळीच्या ग्रामपंचायतीपुढं त्या दुपारी पाय ठेवायला जागा नव्हती. कापूस वेचणीचे दिवस, एरवी बारा वाजता गावात कुत्रंसुद्धा दिसायचं नाही. पण आज वेचणी टाकून बाया आल्या होत्या, पारावरचे म्हातारे उठून आले होते, आणि कुणाच्या तरी दोन शेळ्याही गर्दीत घुसल्या होत्या. कशासाठी? तर गावाचं गेलेलं नेट परत येणार होतं. तेही महाराजांच्या अंगठ्यातून.

महाराज म्हणजे भुजंगनाथ. चार महिन्यांपूर्वी गावाबाहेरच्या माळावर पत्र्याचं शेड ठोकून बसलेला माणूस. आला तेव्हा नुसता भुजंग होता, 'नाथ' पोळ्याच्या सुमाराला लागला. आता पंचायतीच्या ओट्यावर मांडी घालून तो बसला होता. मांडीवर संगणक केंद्राचा लॅपटॉप, त्यावर भगवं फडकं आणि फडक्याखाली दोन्ही हात. शेजारी अंगाऱ्याची डबी घेऊन त्याचा शिष्य मच्छिंद्र उभा.

"ह्या यंत्राला तार दिसते का?" महाराजांनी विचारलं.

"न्हाई," लोक म्हणाले.

"मंग नेट येतंय कुठून? हवेतून. हवा म्हंजे वायू. वायूचा पुत्र कोण? मारुती. आता सांगा, मारुतीच्या वाटंत कुणी अपवित्र बसलं तर तो येईल का?"

बेबीनंदा भिंतीला टेकून उभी होती. हे 'अपवित्र' कुणाला लागून आहे, हे तिला सांगावं लागत नव्हतं. केंद्राच्या खुर्चीवर दोन वर्षं तीच बसत होती. जालन्याला संगणकाची पदविका करून आलेली, भीमनगरातली, गावातली पहिली पगारी पोरगी.

महाराजांनी डोळे मिटले, काहीतरी पुटपुटले, फडक्याखाली हात फिरवला आणि म्हणाले, "बघ बाई."

तिनं बघितलं. पाच दिवस मेलेलं नेट आलं होतं. सातबाऱ्याचं पान डोळ्यांदेखत उघडलं. लोकांनी जयजयकार केला. बेबीनंदाच्या अंगाचा तिळपापड झाला, पण बोलणार काय? पान तर समोर होतं.

झालं होतं असं. पुण्याच्या एका इंजिनिअरनं आपला जुना लॅपटॉप गावाला दिला होता. त्यातली विंडोज चालताना धापा टाकायची, म्हणून त्यानंच ती काढून हलकीफुलकी लिनक्स घालून दिली. देताना बेबीनंदाला म्हणाला होता, "ही प्रणाली गरीब आहे, नखरे नाहीत. काय बिघडलं ते समोर येऊन सांगणार नाही, पण लिहून ठेवते. वाचायला शिका." छपरावर अँटेना, खोलीत नेट पसरवणारी छोटी डबी, आणि टेबलावर हा लॅपटॉप. एवढ्यावर गावाचे सातबारे, पोरांचे निकाल आणि परीक्षेचे अर्ज चालायचे. त्यासाठी कुणाला अंबडला खेटे घालावे लागत नव्हते.

मग खंडेनवमी आली. त्या दिवशी शेतकरी नांगर पुजतो, शिंपी मशीन पुजतो, ड्रायव्हर जीप पुजतो. केंद्र झाडणाऱ्या गोजरबाईनं लॅपटॉप पुजला. जीव लावून पुजला. हळदीकुंकवाचं बोट चारी कडांना ओढलं, झेंडूचं फूल ठेवलं आणि लाल नाडा करकचून बांधला. दुसऱ्या दिवशी, ऐन दसऱ्याला, नेट गेलेलं.

बेबीनंदानं डबी बंद करून चालू केली. पासवर्ड पुन्हा घातला. साडी खोचून छपरावर चढली, अँटेना हलवून पाहिला. डबीचे दिवे मिणमिणत होते, पण लॅपटॉपला कुठलंच नेट दिसत नव्हतं. नाडा तिनं सोडला, कुंकू पुसायला गेली तर गोजरबाई म्हणाली, "राहू दे माय, पुजलेलं पुसू न्हाई." तिनं राहू दिलं. म्हातारीचं मन कशाला मोडा. आणि पाचव्या दिवशी हा अंगठा अवतरला.

बरं, अवतरला तर अवतरला. पण महाराज जाता जाता म्हणाले होते, "हे अकरा दिवस टिकंल. पुढं देवाची मर्जी." अन् बाराव्या दिवशी नेट पुन्हा गेलं. देवाच्या मर्जीला दिनदर्शिका इतकी पाठ कशी, हे गावात कुणी विचारलं नाही.

सरपंच काकासाहेब तिला बोलवून म्हणाले, "बेबी, तू कामाची पोरगी हायेस, मला ठाव हाय. पर लोक ऐकून न्हाई राह्यले. महाराज म्हणतेत, केंद्र त्यांच्या ट्रस्टच्या ताब्यात द्या. तो मच्छिंद्र बसंल खुर्चीवर. येत्या सोमवारी सगळ्यांसमोर महाराज नेट आणणार. आलं, की ठराव पास."

"अन् मी?"

काकासाहेबांनी मान खाली घातली. "चार लोकाचं ऐकावं लागतं, बाई."

"ऐका," बेबीनंदा म्हणाली. "माझ्या आजोबानं छप्पन सालीच ह्या असल्या चार लोकाचं ऐकणं बंद केलं. मी काय आता सुरू करणार न्हाई."

शनिवारी सकाळच्या गाडीनं ती जालन्याला गेली. तिथल्या मस्तगड भागात एका इंटरनेट कॅफेत तीन तास बसली. जगभरातल्या लोकांनी आपापलं रडगाणं तिथं लिहून ठेवलं होतं, आणि दुसऱ्या कुणीतरी फुकटात उत्तरं दिली होती. बघा, खऱ्या विद्येला दक्षिणा लागत नाही. त्यातून तिनं वहीत क्रम उतरवून घेतला. नेटचं कार्ड यंत्राला दिसतंय का? त्या कार्डाला चालवणारा प्रोग्रॅम चालू आहे का? आसपासची नेटं सापडतात का? आणि नाहीच जमलं, तर यंत्राची रोजनिशी कुठल्या आज्ञेनं उघडायची.

त्याच संध्याकाळी केंद्रात बसून तिनं एकेक पाहिलं. कार्ड होतं. प्रोग्रॅम होता. नेट सापडत नव्हतं. मग तिनं रोजनिशी उघडली. काळ्या पडद्यावर इंग्रजी ओळी सरसर गेल्या आणि शेवटची थांबली. तिनं ती तीनदा वाचली. अर्थ सरळ होता: नेट पकडणाऱ्या रेडिओचा स्विच बंद आहे, तो सरकवल्याशिवाय बिनतारी नेट चालणार नाही.

स्विच? दोन वर्षांत तिनं असा स्विच पाहिला नव्हता. तिनं लॅपटॉप उचलून डोळ्यांशी धरला. पुढच्या कडेला, गोजरबाईच्या हळदीकुंकवाचा थर वाळून बसला होता, एका जागी तडकलेला. नखानं खरवडल्यावर खालून मुगाच्या दाण्याएवढं सरकतं बटण निघालं. नाडा करकचून बांधला तेव्हा तेच सरकलं होतं. तिनं ते उलटं सरकवलं. सातबाऱ्याचं पान उघडलं.

बेबीनंदा एकटीच बसून हसली, आणि मग तिच्या डोळ्यांत पाणी आलं. एवढ्याशा बटणासाठी गावानं तिला अपवित्र ठरवलं होतं.

आता सगळी संगती लागली. मच्छिंद्र पूर्वी जालन्यात लॅपटॉप दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता, हे तो स्वतःच मिरवायचा. दसऱ्यानंतर, नेट बंद असतानाही, 'निकाल बघायचाय' म्हणून तो येऊन बसला होता. त्याला बटण दिसलं, गुरूला गुरुकिल्ली मिळाली. आणि बाराव्या दिवशी सकाळी यंत्राला अंगारा लावायला कोण आल्ता? हाच.

गावाला लगेच सांगावं? लोक म्हणाले असते, महाराजांच्याच कृपेनं सापडलं. म्हणून तिनं बटण पुन्हा बंद केलं. आगपेटीची काडी तासून तिचा बारीक तुकडा खाचेत घट्ट बसवला. वरून हळदीकुंकवाचं बोट ओढलं. यंत्र कुलूप लावून कपाटात ठेवलं आणि झोपायला गेली.

सोमवारी गर्दी दुप्पट होती. काकासाहेबांच्या हातात ठरावाचा कागद. महाराजांनी यंत्रावर फडकं पसरलं, वायू झाला, मारुती झाला, अपवित्र झालं. मग डोळे मिटून हात फिरवला. "बघ बाई."

"न्हाई आलं, महाराज."

त्यांनी पुन्हा हात फिरवला. फडकं एका जागी हलायला लागलं. कपाळावर घाम आला. मंत्र मोठा झाला, अंगठ्याचा जोर वाढला. मच्छिंद्र पुढं वाकून काहीतरी पुटपुटला, महाराज त्याच्यावर खेकसले.

"शक्ती आडून राह्यली," महाराज म्हणाले. "ही बाई समोर हाय तोवर..."

"मी जाते की मागं," बेबीनंदा म्हणाली आणि गर्दीच्या पार शेवटाला जाऊन उभी राहिली. "करा आता."

सगळे बघत होते. पाच मिनिटं झाली. एक शेळी ओरडली. मागून तातेराव नावाच्या म्हाताऱ्यानं विचारलं, "महाराज, मंत्र म्हणून राह्यले का कुलूप उघडून राह्यले?"

हसू फुटलं, आणि त्यासरशी बेबीनंदा पुढं आली. तिनं फडकं ओढून काढलं. महाराजांचा उजवा अंगठा लॅपटॉपच्या कडेला रुतलेला होता, कुंकवानं लालभडक. तिनं यंत्र उचललं, ब्लाउजची पिन काढली, काडीचा तुकडा बाहेर टोकरला आणि सगळ्यांना दाखवला.

"ही काडी मी घातली. मारुतीची वाट ह्या काडीनं आडली का? गोजरमावशी, पुढं या."

गोजरबाई भीतभीत आली. "माय, माझ्याच नाड्यानं झालं का गं हे?"

"नाड्यानं बटण सरकलं, मावशी. चूक झाली, पाप न्हाई. पाप हे दोघं करून राह्यले. आता हे बटण तिकडं सरकवा."

गोजरबाईनं सरकवलं. पान उघडलं. परत सरकवलं, नेट गेलं. तिसऱ्यांदा तिला गंमतच वाटली. मग तातेराव आला, मग बाया आल्या, मग रांगच लागली. वीस-पंचवीस जणांनी आपापल्या अंगठ्यानं नेट घालवलं आणि आणलं. त्यात धुतलेले हात होते, कापसानं चिरलेले होते, भीमनगरातले होते, पाटलाच्या आळीतले होते. यंत्रानं कुणाची जात विचारली नाही. महाराज आणि शिष्य केव्हा सटकले, कुणाच्या ध्यानातही आलं नाही. दुसऱ्या दिवशी माळावर चार खांब तेवढे उरले होते.

मंडळी, देव मानायचा की नाही, हे ज्याचं त्यानं ठरवावं. पण बिघाड झाला, तर बिघाडाला कारण असतं, आणि ते शोधलं की सापडतं. जो ते फडक्याखाली झाकून ठेवतो, त्याला हात जोडू नका. फडकं ओढा. आणि कुठल्याही बिघाडाचं खापर जेव्हा एखाद्या बाईच्या जातीवर फुटायला लागेल, तेव्हा तर आधी फडकंच ओढा.

शेवटी काकासाहेबांची पाळी आली. त्यांनीही बटण सरकवून पाहिलं आणि ठरावाचा कागद चुरगाळला. "बेबी, चुकलो मी," ते सगळ्यांदेखत म्हणाले. "आता दुसरा ठराव ल्ह्यावा लागंल."

"मीच टाइप करते," बेबीनंदा म्हणाली आणि जाऊन आपल्या खुर्चीवर बसली.

तो ठराव अजून केंद्राच्या भिंतीवर आहे. केंद्र बेबीनंदाबाईंकडेच राहील, ही पहिली ओळ. दुसरी तिनं मनानं घातली, काकासाहेबांनी वाचून खाली सही ठोकली: नेट गेल्यास आधी बटण पाहावे, मग बाईंना बोलवावे, महाराजांना बोलवू नये.