ममताची तरंगती झाडं

कोरीटच्या नवलभाऊंची मुलगी ममता डेंग्यूने गेली, त्याला चार महिने झाले. तिच्या माशांच्या टाकीतली तरंगती झाडं मात्र वाढतच होती. ममता दर रविवारी त्यांतली मूठभर काढून टाकायची. नवलभाऊंनी एकाही पानाला कुणाला हात लावू दिला नाही. पाणी काठोकाठ झाकलं गेलं. एका सकाळी दोन मासे मेलेले दिसले, उरलेले पानांच्या फटीत तोंड घालून धापा टाकत होते.

"अर्धं तरी काढी टाका," त्यांची बायको कमलबाई म्हणाली.

"तिन्हा हातनं शे हाई."

"मासाबी तिन्हाच शेतस."

नवलभाऊंनी बाही वर सारली. उपसताना लांब, ओली मुळं मनगटाला चिकटत होती. लेकीला अग्नी देताना कोरडा राहिलेला बाप हमसून रडू लागला, पण हात थांबला नाही.