कुंकवाचा ठिपका

मित्रांनो, वरच्या फळीवर डाळीच्या डब्यांशेजारी जो चौकोनी खोका दिसतो ना, तो मी. फणसाच्या लाकडाचा आहे, म्हणून वाळवी अजून माझ्या वाटेला गेलेली नाही. पुढून रेशमी कापड, मागून मात्र पाठ अगदी उघडी. गिटारचा आवाज मोठा करणं हे माझं काम होतं. आणि ते काम मी इतकं दणक्यात करायचो की एका गुणी बाईचं गाणं माझ्यामुळे कायमचं बंद व्हायची वेळ आली होती. तीच गोष्ट आज सांगतो.

माझा जन्म १९५९ सालचा, बेंगळुरातल्या बळेपेटेतला. तिथे गुंडो नावाच्या माणसाचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. गुंडो निपाणीकडचा. माणसांशी बोलायला कंजूष, पण बिघडलेल्या रेडिओशी तासन्‌तास गप्पा मारायचा. दोन मोडीत निघालेल्या रेडिओंचे काचेचे व्हॉल्व्ह, एक शाबूत स्पीकर आणि फणसाच्या चार फळ्या यांतून त्याने मला उभं केलं. आवाज कमीजास्त करायला पुढे एक काळी खुंटी बसवली आणि तिच्याभोवती शून्य ते दहा आकडे पांढऱ्या रंगाने काढले. त्याचे हात फार मायेचे होते. आजही कोणी मला उचललं की मला आधी तेच आठवतात.

मला घडवून घेतलं त्रिविक्रमने. तो दिवसा कारखान्यात फिटर आणि संध्याकाळी वादक. गिटार मांडीवर आडवी ठेवून, तारांवर पोलादी कांडी फिरवत तो सिनेमातली गाणी आणि भावगीतं अशी वाजवायचा की जाणारे-येणारे बसवनगुडीतल्या त्याच्या घरापाशी थबकायचे. मी घरी आलो तेव्हा माझ्या तोंडावर लावायला कापड नव्हतं. त्याची वहिनी अनुसूया हिने आपल्या लग्नातल्या डाळिंबी साडीचा पदराकडचा तुकडा कापून दिला. साडी फाटलेली नव्हती बरं का. मला शोभेल म्हणून दिला.

ही अनुसूया धारवाडची. सासरी येताना तिने हट्टाने तंबोरा बरोबर आणला होता. पण लग्नानंतर चार वर्षं तिचं गाणं स्वयंपाकघरापुरतंच राहिलं. तिचे सासरे नरसिंहराव आमच्या आळीच्या उत्सव मंडळाचे प्रमुख होते. शिस्तीचे माणूस. सुनेने मांडवात उभं राहून गावं की नाही, हे ठरवायला त्यांना चार वर्षं लागली. शेवटी १९६३च्या गणेशोत्सवात त्यांनी होकार दिला. अनुसूया गाणार, त्रिविक्रम साथ करणार आणि मी त्याचा आवाज वाढवणार.

नरसिंहरावांचा एक नियम होता. मंचावरचं काहीही पाहुण्यांकडे पाठ करून ठेवायचं नाही. समया असोत, फुलदाण्या असोत, सगळ्यांची तोंडं समोर. त्यामुळे मलाही मंचाच्या अगदी कडेला, जमिनीवर, पाहुण्यांकडे तोंड करून बसवलं. मी तर खूश झालो. नटूनथटून पहिल्या रांगेत बसायला कोणाला आवडत नाही?

गाणं सुरू झालं आणि घोळाला सुरुवात झाली. त्रिविक्रम माझ्या मागे बसलेला. माझा स्वच्छ आवाज पुढे जात होता आणि त्याच्या कानांवर माझ्या पाठीतून नुसतं घुमणं येत होतं. आपली गिटार ऐकूच येत नाही असं वाटून तो खुंटी फिरवत गेला. चार, सहा, शेवटी आठ. पहिल्या रांगेतल्या बायकांनी कानांवर हात ठेवले. अनुसूयेचा माईक जोडला होता तो मांडवाबाहेरच्या खांबांवरच्या कर्ण्यांना, म्हणजे तिचा आवाज रस्त्यावर छान ऐकू येत होता. तिला स्वतःला मात्र माझ्या घुमण्याखेरीज काही ऐकू येईना. ती स्वर चाचपडू लागली, मग ओरडू लागली आणि भर सभेत बेसूर झाली. मागे कोणीतरी हसलं.

मित्रांनो, त्या संध्याकाळी माझी मलाच लाज वाटली. खरं काय झालं ते मला कळत होतं, पण खुंटी दुसऱ्याच्या हातात असताना मी काय सांगणार? त्रिविक्रमला वाटलं, वहिनींचा गळा बसला असेल. लोकांना वाटलं, हिला गाता येत नाही. आणि सर्वांत वाईट म्हणजे हळूहळू तिलाही तसंच वाटायला लागलं.

घरी आल्यावर नरसिंहराव रागावले नाहीत. त्यांनी पगडी भिंतीवरच्या खुंटीला अडकवली आणि शांतपणे म्हणाले, "अनुसूया, दसऱ्याचं गाणं ठरलंय, ते मोडता यायचं नाही. तेवढं गा. तिथंही असंच झालं, तर मग तुझं गाणं घरातच बरं."

"सरी, मामंजी," ती एवढंच म्हणाली. सरी म्हणजे कानडीत बरं. तंबोऱ्याला तिने गवसणी घातली ती तीन आठवडे काढली नाही. मी त्याच कोपऱ्यात होतो. तिची चाहूल लागली की मला तोंड लपवावंसं वाटे, पण तिचं डाळिंबी रेशीम तर माझ्या तोंडावरच होतं.

मग आली खंडेनवमी. बेंगळुरात त्या दिवशी सायकलीपासून शिवणयंत्रापर्यंत प्रत्येक कामाच्या वस्तूची पूजा होते. माझीही व्हायची. मला पूजेला मांडताना दरवर्षी गुंडोला फराळाला बोलावत. तो आला, अनुसूयेचा उतरलेला चेहरा त्याने पाहिला आणि चिवड्याची बशी बाजूला सरकवली. तो गणपतीत मागच्या रांगेत बसून सगळं ऐकून गेला होता.

"अक्का," तो म्हणाला, "तुमचा सूर गेला नव्हता. तुम्हाला तो ऐकूच येत नव्हता. तंबोरा काढा."

त्याने मला जमिनीवरून उचलून लाकडी पाटावर चढवलं. पाटाच्या पुढच्या कडेखाली वीट सरकवून मला मागे कलतं केलं, आणि माझं तोंड थेट त्रिविक्रमच्या कानांकडे फिरवलं. मग खुंटी शून्यावर आणली.

"त्रिविक्रम, तू वाजव. अक्का, तुम्ही गा. मी आवाज वाढवत जातो. तुमचा सूर तुम्हाला ऐकू येईनासा झाला की हात वर करा."

अनुसूया आधी दबकत गाऊ लागली, मग मोकळी झाली. खुंटी एकावर आली, दोनावर आली. तीन ओलांडले आणि तिचा हात वर गेला. त्रिविक्रम चकित होऊन म्हणाला, "पण मला तर तिनावरच सगळं ऐकू येतंय की. एवढं स्वच्छ कधीच आलं नव्हतं."

"कानाला देत नव्हतास, गुडघ्याला ऐकवत होतास," गुंडो म्हणाला. "अक्का, आज कुंकू हितं लावा." त्याने तिनाच्या आकड्यावर बोट ठेवलं. तिने तिथे गंध लावून वर कुंकवाचा ठिपका ठेवला.

दुसऱ्या दिवशी दसऱ्याच्या मांडवात मला दोघांच्या पुढ्यात, मधोमध, त्यांच्याकडे तोंड करून ठेवलेलं पाहताच नरसिंहराव लगबगीने वर आले. "हे काय? पाहुण्यांकडे पाठ?"

"अण्णा, पाहुण्यांसाठी दुसरा माईक लावलाय खोक्यापुढे. गिटारही कर्ण्यातून ऐकू येईल," गुंडो म्हणाला. "गाणाऱ्यालाच ऐकू आलं नाही, तर पाहुण्यांना काय वाढणार आपण?"

नरसिंहरावांनी माझ्याखालचा पाट आणि वीट निरखून पाहिली. मग सुनेकडे बघून म्हणाले, "आजच्या दिवस राहू दे."

पहिलं कडवं सरलं. अनुसूयेचा सूर सरळ लागत होता. तेवढ्यात मागच्या बाजूने कोणीतरी ओरडलं, "गिटार सौंड स्वल्प जास्ती माडी!" आवाज जरा वाढवा, म्हणे. त्रिविक्रमला लोकांची फर्माईश म्हणजे जीव की प्राण. त्याचा हात सवयीने माझ्या खुंटीवर आला. माझे व्हॉल्व्ह तापलेले होते, पण आतून मी गार पडलो. पुढच्याच ओळीत तिचा वरचा षड्ज होता. खुंटी जराशी हलली असती तरी तिचा सूर पुन्हा बुडाला असता. त्रिविक्रमची नजर ठिपक्यावर गेली. तिथून ती वहिनीकडे गेली. त्याने हात काढून पुन्हा तारांवर ठेवला.

अनुसूयेने तो षड्ज लावला आणि धरून ठेवला. ओरडून नाही, अगदी सहज. तो तिच्या कानात आला, माझ्या रेशमाला थरथरवून गेला आणि बाहेर रस्त्यापर्यंत पोचला. मांडवात कोणी हललं नाही. मी त्या वेळी किती हळू वाजत होतो, आणि आयुष्यात कधी वाजलो नाही इतका चांगला वाजत होतो.

पुढच्या रामनवमीला नरसिंहरावांनी स्वतः पाट उचलून मंचावर आणला. काखेत वीटही होती. कोणी काही विचारलं तर म्हणत, "खोक्याची पाठच असू दे पाहुण्यांकडे. सून समोर आहे ना."

पाच वर्षं आम्ही असे मिळून गायलो. मग माझे व्हॉल्व्ह मिळेनासे झाले आणि गेल्या वर्षी त्रिविक्रमने नवा ट्रान्झिस्टरचा खोका घेतला. मी या फळीवर आलो. उंदरांनी रेशीम कुरतडलं तेव्हा मला वाटलं, संपलं. पण अनुसूयेने ती साडी पुन्हा ट्रंकेतून काढली आणि दुसरा तुकडा कापून मला शिवला. मित्रांनो, मी आता वाजत नाही. तरी माझी धूळ पुसणारे हात आहेत, याहून अधिक मी काय मागू? तुम्हाला मात्र एक मागणं आहे. घरातल्या जुन्या वस्तूंना टाकू नका. आणि चौघांत वाजवायची, बोलायची, गायची वेळ आली, की खुंटीला हात लावण्याआधी शेजारच्याला त्याचा सूर ऐकू येतोय का, ते त्याच्या चेहऱ्याकडे बघून ठरवा.

कालच खंडेनवमी झाली. मला खाली उतरवून नव्या खोक्याशेजारी बसवलं. माझ्या तिनावर ठिपका लागला. मग अनुसूयेने तंबोरा घेतला आणि ती गाऊ लागली. त्रिविक्रम नव्याची खुंटी हळूहळू फिरवत गेला. नव्याचा जोर जास्त, त्यामुळे दोनावरच तिचा हात वर गेला.

तिने तिथे कुंकू लावलं आणि दिराकडे बघितलं.

"सरी, वहिनी," तो म्हणाला आणि त्याने खुंटीवरचा हात काढून घेतला.