झाकलेली जागा

इगिलाने चामड्याच्या पानावरचा तोच शब्द तिसऱ्यांदा चाकूने खरवडला. पान इतकं पातळ झालं होतं की आणखी एकदा चाकू लागला असता तर भोकच पडलं असतं.

ख्रिस्ताची ग्रीक पोथी गॉथ लोकांच्या भाषेत आणायचं काम डॅन्यूबकाठच्या या वस्तीत दोन हिवाळे चाललं होतं. धर्मगुरू वेरेका अर्थ सांगत आणि इगिला लिहून घेई. ग्रीकात मेलेल्यांच्या दोन जागा होत्या. एक नुसती मेलेल्यांची, दुसरी पाप्यांना जाळणाऱ्या आगीची. गॉथांकडे मात्र एकच शब्द होता, हाल्या. दोन्हीकडे हाल्याच लिही, लोकांना जरा जरब बसू दे, असं वेरेकांनी बजावलं होतं. रविवारी हे पान सगळ्या वस्तीसमोर वाचायचं होतं.

इगिलाची आई विर्को बाप्तिस्मा न घेताच गेली होती. जाताना म्हणाली होती, हाल्याला निघाले रे, तिथं तुझी आजी आहे. आता तोच शब्द आगीच्या जागेलाही लिहायचा म्हणजे आपल्या हाताने आईला चुलीत घालायचं. त्याला सकाळपासून एका जागी बसवत नव्हतं. शेवटी बोरू टाकून तो मोइकोमावशीकडे गेला.

मावशी परसात हिवाळ्यासाठी साठवलेल्या सलगमाचा खड्डा बुजवत होती. रात्रीपासून दहिवर गोठायला लागलं होतं.

"मावशी, हाल्या म्हणजे नक्की काय गं?"

"पोथ्या लिहिणार तू, आणि विचारणार मला? तो पेंढा दे इकडे."

त्याने पेंढा दिला. मावशीने तो सलगमावर नीट पसरला, वर माती ओढली आणि तळव्याने तीन थापा मारल्या. इगिला बघतच राहिला. आई गेली तेव्हाही मावशीने तिच्यावर असाच पेंढा घातला होता, अशाच तीन थापा मारल्या होत्या. बाईमाणूस गेलं की तिला झाकायचा मान बहिणीचा.

"आई तिथं जळत असेल का?"

मावशीने हात झटकले.

"अरे, हाल्या म्हणजेच झाकलेली जागा. झाकतो कशाला आपण? थंडी बाधू नये म्हणून. आता झाकल्यावर तिथं आग लावायला कोण जाईल?"

संध्याकाळी वेरेकांनी पान वाचायला घेतलं. मेलेल्यांच्या जागी हाल्या होतं. आगीच्या जागी इगिलाने ग्रीकांचाच शब्द तसाच ठेवला होता.

"हा परका शब्द लोकांना कळायचा नाही."

"नाही कळायचा, गुरुजी. पण तिथं आपलं माणूस कुणी नाही."

वेरेकांनी पान खाली ठेवलं. आता हे काम आपल्या हातून जाणार, अशी इगिलाची खात्री झाली, आणि तरी त्याला पान बदलावंसं वाटेना.

वेरेका उठले. पेटीतून त्यांनी पहिल्या हिवाळ्यातलं, स्वतःच्या अक्षरातलं एक पान काढलं. त्यात आगीच्या जागीही हाल्याच होतं.

"माझ्या बापाने मला नदीत उतरवलं, बाप्तिस्म्याला," ते म्हणाले. "स्वतः मात्र काठावरच बसून राहिला, शेवटपर्यंत."

मग त्यांनी हात पुढे केला.

"चाकू दे इकडे. हे मीच खरवडतो."

इगिलाने पान दोन्ही बाजूंनी दाबून धरलं.