पुढची सीट

माझा जावई तसा शहाणा, पण महिन्यातून एकदा त्याला वेड लागतं. रोज ऑफिसला नेतो तीच गाडी घेऊन तो रेसच्या ट्रॅकवर जातो, गोल गोल पळवतो आणि टायर झिजवून घरी येतो. बक्षीस नाही, काही नाही. माझी लेक होती तेव्हा तीही शेजारी बसून जायची. आजारपणात ती गेली, आणि घरात आम्ही दोघंच उरलो, सासू आणि जावई. लोकांना नवल वाटतं. वाटू दे.

परवा जेवताना तो सहज बोलून गेला, "आज माझ्या पुढची गाडी उलटली. माणूस वाचला म्हणा."

मी हातातला घास ताटात ठेवला. "आणि तुझी उलटली तर?"

"बेल्ट असतो ना, आई."

राग आला की मी त्याला अहोजाहो करते. "जावईबापू, उद्या मुकाट्यानं गॅरेजमध्ये चला."

गॅरेजवाली माझ्याहून फटकळ निघाली. भिंतीवर रुंद पट्ट्यांचे बेल्ट टांगलेले होते, दोन्ही खांदे आणि कंबर आवळून धरणारे. मी जन्मभर शिवणकाम केलंय. शिलाई उलटून पाहिली, ओढून पाहिली. पक्की होती.

"हाच द्या," मी म्हटलं.

"नुसता हा मी देणार नाही," ती म्हणाली. "गाडी उलटून टप दबला, तर साध्या बेल्टात माणूस बाजूला कलतो तरी. हा ताठ बांधून ठेवतो, मग टप थेट डोक्यावर. हा हवा तर टप पेलणारी लोखंडी कमान हवी, आणि चालवणाऱ्याला पाठ न झुकणारी सीट."

"मग सगळंच बसवा."

"मागची सीट काढावी लागेल. कमान तिथंच येते. मागे कोणी हेल्मेटशिवाय बसलं, तर साध्या धक्क्यालाही डोकं लोखंडावर आपटेल. मागे बसतं का कोणी?"

मागे मी बसते. भाजीला जायचं असो की गुडघ्याच्या डॉक्टरकडे, मी मागे आणि तो पुढे एकटा, पगारी ड्रायव्हर असल्यासारखा. पुढची सीट लेकीची. तसं कोणी ठरवलं नव्हतं, बोललंही नव्हतं.

"राहू दे, आई," तो म्हणाला. "कमान नको. मी ट्रॅकवर जाणंच सोडतो."

सोडतो म्हणे. लेक गेल्यावर हा माणूस हसायचंच विसरला होता. पुन्हा हसला तो ट्रॅकवरून आल्यावर, घामानं भिजलेला, दारातूनच चहा मागत. ते हसू मी ऐकलंय. एक लेकरू गेलं माझं. याला जपायचंय मला, पण हसता ठेवून.

"काढा मागची सीट," मी गॅरेजवालीला सांगितलं. "मी पुढे बसेन. चालेल ना?"

"चालेल. तुमच्या सीटची पाठ सरळ ठेवा, मी कमानीला जाड पॅडिंग लावते. रस्त्यावर मात्र दोघांनीही साधाच बेल्ट लावायचा."

जावयानं फळीवरचं एक नवं हेल्मेट उचललं. ते उलटसुलट करत बसला.

गाडी तयार झाल्यावर आम्ही आणायला गेलो. सवयीनं मी मागचं दार उघडलं. आत कमान आणि उघडा पत्रा. दार लावलं आणि पुढे येऊन बसले. पाय टेकेनात. लेक उंच होती, तिच्या बापावर गेलेली, आणि सीट अजून तिच्याच मापाची, पार मागे सरकवलेली. तिच्यानंतर कोणी हात लावला नव्हता.

"पुढे घेऊ का?" त्यानं हळूच विचारलं.

नको म्हणणार होते. जिभेवर आलंच होतं. "घे," मी म्हटलं. "माझे पाय टेकायला हवेत."

त्यानं वाकून सीटखालचा दांडा ओढला. सीट अडली, मग कुरकुरत पुढे आली. मला रडू फुटलं. त्याचेही डोळे भरले होते, आणि वाकलेला होता तो तसाच थोडा वेळ राहिला.

"बेल्ट लावा, आई."

"लावते. तू समोर बघ."