लग्नाचा कॅमेरा फुटबॉलच्या मैदानात

मित्रांनो, बुऱ्हाणपूरच्या इतवारा भागात योगेंद्रचा फोटो स्टुडिओ आहे. तिथल्या काचेच्या कपाटात एक काळा, बोजड व्हिडिओ कॅमेरा दिसतो ना, तो मी. माझ्या अंगावरचा रंग उडाला आहे, बॅटरीच्या झाकणाला रबरबँड लावलेला आहे आणि बटणाच्या खाचेत कुठल्या तरी लग्नाची हळद अजून अडकून बसली आहे. एवढ्यावरून मला अडगळ समजू नका. मी म्हातारा आहे खरा, पण कामावर आहे.

माझा जन्म फार लांबच्या कारखान्यात झाला. तिथलं मला पांढरे हातमोजे आणि थर्माकोल एवढंच आठवतं. खरं आयुष्य सुरू झालं ते बुऱ्हाणपुरात. योगेंद्रच्या आईने मला ओवाळलं आणि कौतुकाने कुंकू लावलं ते थेट भिंगावर. बिचारा योगेंद्र पुढे कितीतरी दिवस ते पुसत बसला होता.

लग्नाच्या शूटिंगचे योगेंद्रचे दोन नियम होते. पहिला, नवरी सोडायची नाही. ती उठली की आपण उठायचं, ती रडली की झूम करून तिचे डोळे धरायचे. बाकीचा मांडव गेला उडत. दुसरा नियम पंगतीचा. पानं मांडली की मला स्टँडवर उंच ठेवायचं, सगळा मांडव एकदम दिसेल असं झूम मागे घ्यायचं, आणि स्वतः निवांत जेवायला बसायचं. या दुसऱ्या नियमात त्याने आयुष्यात कधी कुचराई केली नाही.

तापीकाठच्या केळीवाल्यांची किती लग्नं मी केली! लोक म्हणायचे, योगेंद्रभैयाच्या कॅमेऱ्यात नवरी उठून दिसते. मी सुखावायचो. मग ड्रोन आले, खिशाखिशात मोबाइल आले, आणि माझी रवानगी खालच्या खणात झाली. अंगावर एक जुना टॉवेल टाकला गेला. मित्रांनो, ज्याचं काम बघणं, त्याला टॉवेलखाली ठेवण्यासारखी दुसरी शिक्षा नाही. मला फार एकटं वाटायचं.

मला बाहेर काढलं ते फुटबॉलने. आमच्या गावात मुलींचा एक व्यावसायिक संघ उभा राहिला होता. राज्याच्या लीगमध्ये खेळणारा, पगारी खेळाडूंचा. संघाचे मालक गिरधरशेठ. त्यांचे कापडाचे माग, आणि मागावर कापड तपासावं तसं खेळाडूंनाही तपासून घ्यायचं अशी त्यांची पद्धत. हंगामाचे पहिले चार सामने झाले की कोण ठेवायची आणि कोण सोडायची हे ठरणार होतं. प्रशिक्षक होत्या प्रतिभा मॅडम. कागद कारखान्याच्या कॉलनीत वाढलेल्या, शिस्तीच्या बाई. त्यांनी सांगितलं की मूल्यमापन करायचं तर सामन्यांचं चित्रण हवं. ड्रोन सारखा उतरवून बॅटरी बदलावी लागते, म्हणून योगेंद्रला माझी आठवण झाली.

गावातल्या लालबागच्या मैदानाशेजारी बांबूचा माळा बांधला होता. त्यावर मला चढवलं तेव्हा मला पुन्हा नवं झाल्यासारखं वाटलं. फक्त एक गोष्ट झाली. योगेंद्रने मैदानात नवरी शोधायला सुरुवात केली.

फुटबॉलमधली नवरी म्हणजे चेंडू. चेंडू जिकडे, तिकडे मी. आणि गोल झाला की गोल करणाऱ्या रश्मीच्या तोंडावर झूम. पहिल्या सामन्याची फिल्म त्याने मॅडमना दिली तेव्हा प्रत्येक गोलनंतर पडद्यावर गुलाबाच्या पाकळ्या पडत होत्या आणि रश्मीचा चेहरा बदामाच्या आकारात येत होता. मॅडमनी कपाळावर हात मारला. पाकळ्या बंद झाल्या, पण चेंडूमागे धावायची खोड काही गेली नाही.

या खोडीने एका मुलीचा घात होणार होता. तिचं नाव मंगला. ती बचाव फळीत मधोमध खेळायची. तापीकाठच्या गावातली, आईबरोबर केळीच्या बागेत वाढलेली, कमी बोलणारी मुलगी. बांबूच्या माळ्याखालून जाताना ती नेहमी वर बघून योगेंद्रला हात करायची. एकदा योगेंद्र गमतीने म्हणाला की तुझ्या लग्नाचं शूटिंग मीच करणार. तिचा चेहरा एकदम उतरला. मग तिने सांगितलं, तिच्या मामांनी स्थळ बघून ठेवलं होतं. संघाने ठेवलं तर खेळ, काढलं तर लग्न, असं घरात ठरलं होतं. आई तिच्या बाजूने होती, पण मामांपुढे आईचं किती चालणार? योगेंद्र ओशाळला. मलाही त्या दिवशी माझ्या खाचेतली हळद टोचू लागली.

तीन सामने झाल्यावर संघाच्या शनवारा भागातल्या खोलीत सगळे बसले. मला टेबलावर ठेवून पडद्याला जोडलं होतं, म्हणून मी सगळं पाहिलं आणि ऐकलं. रश्मी झाली, मधल्या फळीतल्या मुली झाल्या. संघावर गोल फारसे झाले नव्हते, त्याचं श्रेय गोलरक्षक मुलीला मिळालं, कारण चेंडू अडवताना ती दिसत होती. मग मंगलाची पाळी आली, आणि पडद्यावर मंगला काही येईना.

"मॅडम, ही पोरगी तर कुठंच दिसून नाही राहिली," गिरधरशेठ म्हणाले. "मॅच खेळते की फिरायला येते?"

मॅडमनी सांगितलं की बाकावरून बघताना त्यांना ती चांगली वाटते. शेठ म्हणाले, वाटण्यावर माग चालत नाही, मला दाखवा. मॅडमकडे दाखवायला काही नव्हतं. शेवटी असं ठरलं की चौथ्या सामन्यातही ती दिसली नाही तर तिला मोकळं करायचं. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की अहो, ती तिथेच होती, माझंच तोंड भलतीकडे होतं. पण कॅमेऱ्याला डोळा असतो, जीभ नसते.

चौथा सामना इंदूरच्या संघाशी होता. पाहुण्यांना आपल्या गावचं खाऊ घालायचं म्हणून शेठनी मैदानामागे मोठाले पातळ मांडे करणाऱ्या बायका बसवल्या होत्या. पहिल्या अर्ध्यात योगेंद्र नेहमीसारखा चेंडूमागे धावला. त्या दिवशी मात्र मंगलाला चित्रणात घ्यायचं असं त्यालाही वाटत होतं. पण चेंडू उडाला की त्याचा हात आपोआप चेंडूकडे वळायचा. अनेक वर्षांची सवय ती. मध्यंतर झालं आणि उलट्या खापरावर भाजल्या जाणाऱ्या मांड्यांचा वास माळ्यापर्यंत आला. खालून कुणीतरी हाक मारली, भैया, गरम आहेत तोवर या.

आणि योगेंद्रचा दुसरा नियम जागा झाला. त्याने मला स्टँडवर घट्ट बसवलं, सगळं मैदान एकदम दिसेल असं झूम मागे घेतलं आणि तो जेवायला गेला. मांडे चांगले झाले असावेत. तो दुसरा अर्धा संपेपर्यंत आलाच नाही.

मी एकटा बघत राहिलो. आयुष्यात पहिल्यांदा मला खेळ दिसला.

संध्याकाळी खोलीत योगेंद्र मान खाली घालून उभा होता. तो म्हणाला, "मॅडम, माफ करा. पुढचा हाफ मी नाही, या कॅमेऱ्यानंच घेतला आहे. मी जेवायला गेलो होतो."

शेठ भडकले. लग्नघर समजलास काय, असं बरंच काही बोलले. खिडकीबाहेरच्या बाकावर मंगला बसली होती, पायाशी भरलेली बॅग. तिला सगळं ऐकू जात असणार. मॅडमनी फिल्म लावायला सांगितली. पडद्यावर सगळ्या मुली अंगणात टाकलेल्या ज्वारीच्या दाण्यांएवढ्या दिसत होत्या. शेठनी तोंड फिरवलं. थोड्या वेळाने मॅडम उठून पडद्याजवळ गेल्या आणि एका दाण्यावर त्यांनी बोट ठेवलं.

"चेंडू सोडा. फक्त हिच्याकडे बघा."

इंदूरची वेगवान मुलगी उजवीकडून निघाली की हा दाणा आधीच उजवीकडे सरकलेला असायचा, म्हणून ती मुलगी चेंडू घेऊन मागे फिरायची. हा दाणा हात लांब करून डावीकडच्या मुलीला पुढे ढकलायचा, मागचीला थांबवायचा. चेंडू त्याच्याकडे यायचाच नाही, कारण जिथे यायला हवा तिथे हा दाणा अगोदरच उभा असायचा. शेठनी खुर्ची पडद्याकडे वळवली. मग मॅडमनी जुन्या तीन सामन्यांच्या फिल्म पुन्हा लावायला सांगितल्या. आता त्यांतही कोपऱ्यात एक लांब केलेला हात दिसला, कधी नुसती सावली, कधी एक बूट. मंगला सगळीकडे होती.

शेठनी चष्मा काढून पुसला. "ही पहिल्या मॅचपासून असंच करून राहिली?"

"पहिल्यापासून," मॅडम म्हणाल्या.

"मग हिला कोण सोडतं? उलट हिलाच कॅप्टन करा."

योगेंद्र धावतच बाहेर गेला. खिडकीतून मला त्याचा आवाज आला, "मंगला, बॅग खाली ठेव." ती ऐकून उभी राहिली, मग परत बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली. मी किती रडणं जवळून टिपलं आहे मित्रांनो, पण तेव्हा माझं रेकॉर्डिंग बंद होतं आणि मला त्याचं बरंच वाटलं. माझ्या जुन्या अंगातला सगळा ताण उतरला.

काही दिवसांनी मंगलाची आई, मालूबाई, ती फिल्म बघायला गावाहून आली. मामाही आले होते. पडदा सुरू झाला तसे मामा डोळे बारीक करून विचारू लागले की यात आपली कोणती. शेठ मदतीला उठले, पण त्यांनाही ती पटकन सापडेना. मालूबाई मात्र जागची हलली नाही. तिने बसल्या जागेवरून बोट केलं.

"ती काय माही मंगला. कमरेवर हात ठेवून उभी हाये."

 जाताना मामांनी पुढचा सामना कधी आहे एवढं मॅडमना विचारून घेतलं.

आता प्रत्येक सामन्याचा अर्धा भाग मी एकटा घेतो आणि योगेंद्रचं वजन वाढत चाललं आहे. मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तूंना टॉवेलखाली टाकू नका. मऊ फडक्याने आमचं भिंग पुसत जा, बॅटरी काढून ठेवत जा. आणि कधी कुणाला नापास करायची, संघातून काढायची पाळी तुमच्यावर आली, तर घाई करू नका. दोन पावलं मागे जा आणि मालूबाईने शोधलं तसं त्याला एकदा शोधून बघा.