भिंतीवरून उतरलेला फळा

मी फळा बोलतोय. असे सावरून बसू नका, मी पाढे विचारणार नाही. ते दिवस गेले माझे.

माझा जन्म सुताराच्या दुकानातला. जाड लाकूड, पाठीला आडव्या पट्ट्या, तोंडाला काळा रंग. बरीच वर्षं एका शाळेत काढली. मग तिथे गुळगुळीत पांढरे फळे आले आणि माझी रवानगी मोडक्या बाकांच्या खोलीत झाली. तिथून एका आईनं मला घरी आणलं. तिच्या दोन्ही मुली शाळेत जात नसत, तीच त्यांना घरी शिकवायची. तिनं मला पुढच्या खोलीच्या भिंतीवर चढवलं आणि माझी मान पुन्हा ताठ झाली. खरं सांगतो, मी जरा शेफारलोच होतो.

सकाळी गणित, मग भाषा. आई शिस्तीची. थोरली मन लावून लिहायची. धाकटी मात्र माझ्याकडे कमी आणि खिडकीकडे जास्त बघायची, कारण खिडकीशी आजोबा बसलेले असत.

आजोबा म्हणजे बसचे ड्रायव्हर. सगळा जन्म रस्त्यावर गेलेला. आजारपणात पाय गेले आणि चाकाची खुर्ची आली. दाराबाहेर एकच पायरी, पण चांगली उंच. एकदा बाबांनी आणि शेजाऱ्यांनी त्यांना खुर्चीसकट उचलून खाली नेलं. आजोबांचा चेहरा लाल झाला. "मी काय धान्याचं पोतं आहे?" म्हणाले. त्या दिवसापासून त्यांनी बाहेरचं नाव काढलं नाही.

एका सकाळी धाकटी म्हणाली, "आई, थोडे दिवस अभ्यास नको. आम्हाला आजोबांसाठी उतार करायचाय."

आईच्या हातात खडू तसाच राहिला. मग तो खाली ठेवून ती म्हणाली, "बरं. पण सगळं तुम्ही ठरवायचं. मी मध्ये बोलणार नाही."

झालं! मला कोणी विचारेना. सगळं घर फळ्या, खिळे आणि भुशानं भरलं. मी भिंतीवर रुसून बसलो.

पहिला उतार त्यांनी जुन्या कपाटाच्या दाराचा केला. ते पायरीला टेकवलं, खुर्चीत उशा कोंबल्या, धाकटी वर बसली आणि थोरलीनं हात सोडला. खुर्ची थेट कुंड्यांत! धाकटीचं कोपर सोलवटलं. ती रडत होती ती मात्र वेगळ्याच कारणासाठी. "आजोबा पडले असते गं!"

संध्याकाळी बाबा वैतागले. "अभ्यास सोडून हे काय चाललंय? परीक्षेत उताराचा प्रश्न येणार आहे का?"

"परीक्षेत नसेल येत," आई म्हणाली, "पण घरात आलाय."

दुसऱ्या दिवशी पोरी माझ्यासमोर आल्या. खडूनं माझ्यावर पायरी काढली, फळी काढली, त्रिकोण झाला. फळी जेवढी लांब तेवढा उतार सौम्य, हे त्यांनी पुस्तकांच्या चळतीवर पट्ट्या टेकवून आणि खेळण्यातली गाडी सोडून शोधून काढलं. भागाकाराला कंटाळणारी धाकटी भागाकारावर भागाकार करत होती. माझा रुसवा कुठल्या कुठे पळाला.

उत्तर मिळालं, पण तेवढी लांब-रुंद फळी घरात नव्हती. थोरली माझ्यावरची आकडेमोड बघत उभी होती. बघता बघता तिची नजर बदलली. तिनं टेप आणली आणि माझ्या या टोकापासून त्या टोकाला लावली.

माप बरोबर जुळलं.

"मग शिकवू कशावर?" आईनं विचारलं.

"फरशीवर," दोघी एकदम म्हणाल्या.

माझे स्क्रू बाबांनी काढले. त्यांनीच माझी कड तासली, खाली ठोकळे बसवले आणि चाकं घसरू नयेत म्हणून वर रबर चिकटवलं. काळं तोंड झाकलं गेलं तेव्हा मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू?

"उचलणार असाल तर मी येणार नाही," आजोबा म्हणाले.

"कोणी हातसुद्धा लावणार नाही," थोरली म्हणाली.

खुर्ची माझ्यावर आली. मी करकरलो. धाकटीनं डोळे गच्च मिटले. मी स्वतःलाच म्हणालो, अरे, जन्मात एकदा तरी नीट टिकून राहा! आजोबांनी चाकं हातांनी धरत धरत गाडी खाली घेतली, अगदी सावकाश. अंगणात पोचल्यावर ते थांबले नाहीत. फाटक ढकललं आणि वळून दिसेनासे झाले.

बाबा धावणार होते. आईनं त्यांचा हात धरला.

खूप वेळानं आजोबा आले ते गुळगुळीत दाढी करून! कोपऱ्यावरच्या न्हाव्याकडे बसले होते गप्पा मारत. चढताना धाप लागली, तरी कोणाला जवळ येऊ दिलं नाही. वर पोचल्यावर त्यांनी दोघी नातींना जवळ घेतलं, आणि मग आमच्या ड्रायव्हरसाहेबांना रडू आवरेना.

आता पोरी फरशीवर गणितं करतात आणि मी ऊनपाऊस खातो. रंग उडालाय, कडेला कुसळं निघालीत. माझी तक्रार नाही. एकच विनंती आहे. या घरी कधी आलात तर लगेच आत शिरू नका, दाराशी थोडं बाजूला थांबा. आजोबा बाहेर निघालेले असतात.